नावेचे आउटबोर्ड इंजिन थंड असताना सुरू होत नाही, गरम झाल्यावर मात्र लगेच होते. दोष कोठे शोधावा?

आपण लिहिले आहे की शिरोळकडील आपल्या गावच्या बचाव नावेचे टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरचे (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचे) इंजिन काही आठवडे उभे राहिले की वीस-पंचवीस वेळा दोरी ओढूनही सुरू होत नाही, परंतु एकदा सुरू झाले की दिवसभर अर्ध्या ओढीत चालू होते, आणि आता कार्ब्युरेटर नवाच बसवावा असा सल्ला आपल्याला मिळाला आहे. मी कोल्हापुरात अशा इंजिनांची देखभाल करतो. माझ्या मते तो खर्च तूर्त थांबवावा.

कोल्हापूरची हवा दोषी नाही, कारण आपल्याकडे महापुराच्या दिवसांत, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, इंजिन गारठावे अशी थंडी नसतेच. गरम इंजिन सहज सुरू होते यावरून ठिणगी आणि मुख्य जेट (कार्ब्युरेटरमधील पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बहुधा ठीक आहेत असे समजावे. थंड इंजिनात पेट्रोलचा थोडाच भाग वाफ होतो, म्हणून चोक हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवतो; ही वाढीव मात्रा का मिळत नाही, एवढाच प्रश्न उरतो.

आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा असावा, किल-स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी जागेवर असावी, गिअर न्यूट्रलमध्ये असावा आणि पाइपवरचा रबरी फुगा, त्यावरील बाण इंजिनाकडे ठेवून, घट्ट होईपर्यंत दाबावा. कितीही दाबला तरी फुगा घट्ट होत नसेल तर कोठेतरी हवा शिरते आहे, फुग्यातील झडप गेली आहे किंवा कार्ब्युरेटरमधील फ्लोटची, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची, सुई बसत नसल्याने पेट्रोल वाहून जाते आहे. त्यानंतर चोक ओढून सात-आठ वेळा दोरी ओढावी आणि लगेच प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येते आहे पण पेटत नाही, किंवा आपण ज्याला ‘ओव्हर झाले’ म्हणतो तसे झाले आहे. प्लग ओला निघाल्यास तो पुसून वाळवावा, चोकची मूठ आत ढकलून थ्रॉटल उघडा ठेवावा आणि मग दोरी ओढावी.

प्लग कोरडा निघाला तर चोकच्या पाकळीकडे पाहावे. या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. एका इंजिनाचा कार्ब्युरेटर मी दोनदा उतरवून धुतला आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आले की चोकची मूठ पूर्ण बाहेर येत असली तरी तार सैल झाल्यामुळे आतील पाकळी पाऊणच मिटत होती. हवेचे झाकण काढून कोणालातरी मूठ ओढायला सांगावे आणि पाकळी पूर्ण मिटते का ते डोळ्यांनी पाहावे. मिटत नसल्यास ती हाताने मिटवून धरावी व दोरी ओढून पाहावी. इंजिन पेटले तर काम दहा मिनिटांचे आहे.

चोक ठीक असेल तर दोष उभ्या राहिलेल्या पेट्रोलचा. कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोलचा हलका, लवकर पेटणारा भाग आधी उडून जातो आणि मागे जड पेट्रोल व टू-स्ट्रोकचे ऑइल राहते. त्याचा चिकट थर स्लो जेटच्या, म्हणजे मंद गतीला पेट्रोल देणाऱ्या जेटच्या, बारीक छिद्रात बसतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते पाणी ओढून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाशी जातात, आणि टाकीतली नळी नेमके तळातूनच ओढते. वाटीचा स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे व काही वेळ ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीसह सर्व पेट्रोल बदलावे. जेट कार्ब्युरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करावा. त्यात तार घालू नये, पितळेचे छिद्र मोठे झाले की जेट वाया जातो, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातही प्रत्येक वेळी हवा तो जेट मिळेलच असे नाही.

हे सारे करूनही फरक पडला नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील दाब, मोजून घ्यावे. पिस्टनच्या रिंगा झिजलेले इंजिनही थंड असतानाच त्रास देते.

यापुढे नाव उभी करून ठेवताना पाइप काढून वाटी रिकामी करावी आणि पेट्रोल-ऑइलचे मिश्रण लागेल तेवढेच बनवावे. प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावे. ते ५०:१ असेल तर ५ लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर ऑइल लागते. पावसाळ्यात मी दर पंधरवड्याला प्रोपेलर काढून, इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या बॅरेलमध्ये बुडवून इंजिन पाच मिनिटे चालवतो. पाण्याविना चालवल्यास पाणीपंपाचा रबरी इम्पेलर जळतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागल्यानंतर दोरी ओढायला घेतली, तर तेव्हा प्लग काढून पाहायलाही कोणी सवड देत नाही.