१२ जुलैला शाळेच्या फळ्यावर दिनविशेष म्हणून काय लिहावं?

तुम्ही विचारलंय की परिपाठासाठी १२ जुलैचा दिनविशेष शोधला तर ‘१९६१ : पानशेत धरण फुटले’ एवढी एकच ओळ सगळीकडे मिळते, मग मुलांना त्याहून जास्त काय सांगायचं? मी पुण्यात सहकारनगरात वाढलो. पुरात घरं गेलेल्यांनी सोसायट्या काढून वसवलेला हा भाग. माझी आजीही त्यांतलीच. त्यामुळे ही तारीख आमच्या घरात सणवारासारखी लक्षात ठेवली जायची.

पहिली गोष्ट म्हणजे त्या दिवशी एक नाही, दोन धरणं फुटली. पानशेत हे अंबी नदीवरचं मातीचं धरण. त्याचं काम अजून पुरं व्हायचं होतं, तरी त्याच पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. पाणी सोडण्याच्या मोरीचे दरवाजे नीट बसलेले नव्हते. शिवाय पोलादाची टंचाई असल्यामुळे त्या मोरीच्या बांधकामात सळया घातलेल्या नव्हत्या. मोरीतून पाणी जोरात धावू लागलं, तसा तिच्या वरचा मातीचा भराव खचत गेला. ११ जुलैला लष्कराचे जवान तिथे पोचले आणि रात्रभर, धो धो पावसात, खचलेल्या जागी वाळूची पोती रचत राहिले. मुलांना सगळ्यात आधी हे सांगा. त्यांच्यामुळे धरण रात्री न फुटता सकाळी, उजाडल्यावर फुटलं. गाढ झोपेत असलेल्या पेठांमध्ये पाणी शिरलं असतं तर काय झालं असतं, हे आजी नेहमी म्हणायची आणि मग गप्प व्हायची.

खाली खडकवासला. इंग्रजांच्या काळातलं, १८७९ सालचं दगडी धरण. पानशेतचं पाणी त्याच्या माथ्यावरून वाहायला लागलं. काही तास त्याने ते सोसलं आणि दुपारी तेही फुटलं.

आजीचं बिऱ्हाड शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या अंगाला होतं. बुधवार होता. शेजारचा एक मुलगा “पाणी आलं, पाणी आलं” ओरडत बोळात शिरला, तेव्हा ती चुलीपाशी होती. कडेवर माझे वडील, हातात देवांचा डबा, एवढंच घेऊन ती चढाकडे निघाली. संध्याकाळी परतली तेव्हा वाडा नव्हता. नदीकाठचे बहुतेक वाडे मातीच्या भिंतींचे. पाण्यात भिजल्या की त्या जागच्या जागी बसायच्या. पाणी ओसरल्यावरही कितीतरी वाडे असेच बसले. गाळ इतका होता की घराचा उंबरठा कुठे होता हेही कळेना, असं ती सांगायची.

त्यानंतरचे दिवस मला तितकेच महत्त्वाचे वाटतात, पण दिनविशेषात ते कधीच येत नाहीत. शहराला पाणी खडकवासल्यातून यायचं आणि तेच रिकामं झालं. पुरातून वाचलेली माणसं प्यायच्या पाण्यासाठी जुन्या विहिरींवर रांगा लावून उभी होती. पुढे पुनर्वसनाचं काम सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे आलं. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावं आज पुण्यात कुणीही सहज घेतं. त्यांच्यामागे हा पूर आहे. तुमची शाळा पुण्यात असेल तर मुलांना घरी विचारायला सांगा. अजून काही आजी-आजोबा भेटतील.

याच तारखेला आणखी एक नोंद सापडेल. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून रात्री निघाले, ती १२ जुलै. दुसऱ्या दिवशी खिंडीत बाजीप्रभू पडले. ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आपल्या आजच्या कॅलेंडरने तो दिवस २२ जुलै येतो. म्हणून फळ्यावर तिथीही लिहा : आषाढ पौर्णिमा. ती गुरुपौर्णिमेची तिथी, मुलांच्या पटकन लक्षात राहील.

पानशेतसाठी मी लिहीन ते असं :

‘१२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेत आणि दुपारी खडकवासला फुटले. आदल्या रात्री जवानांनी पावसात पोती रचली, म्हणून पुणेकरांना उजेडात पळता आले.’