कॉलेजात ब्लेंडेड पद्धतीनं शिकवायचंय, मूडल घ्यावं, गूगल क्लासरूम की विकतचं पोर्टल?

तुम्ही लिहिलंय की जूनपासून अर्धं ऑनलाइन, अर्धं वर्गात असं शिकवा म्हणून वरून सांगितलंय, वर्गात सत्तर मुलं आहेत, निम्मी बाहेरगावची, आणि प्लॅटफॉर्म कुठला घ्यावा हे कळत नाहीये. मी बडोद्यात कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला स्टॅटिस्टिक्स शिकवते. माझी मुलं पादरा, डभोई, करजण, सावलीहून येतात, काही जण मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) शिफ्ट करून येतात, त्यामुळे तुमची अडचण मला अगदी ओळखीची वाटली.

प्लॅटफॉर्म नंतर ठरवा. आधी पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून कागदाच्या चिठ्ठीवर लिहून घ्या की फोन स्वतःचा आहे की घरातला, दिवसाला डेटा किती मिळतो, घरी रेंज येते का, आणि अभ्यासाला खरंच कुठला वेळ मिळतो. हे ऑनलाइन फॉर्मवर विचारू नका, ज्याच्याकडे नेट नाही तो मुलगा त्या फॉर्मवर दिसणारच नाही. माझ्याकडे एका मुलानं लिहिलं होतं, "रात्री साडेदहानंतर, भाऊ घरी आला की." त्या एका ओळीमुळे मी संध्याकाळी सातचा लाइव्ह क्लास घ्यायचा बेत सोडला.

लाइव्ह क्लासबद्दल माझं मत आधीही फार बरं नव्हतं, पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा ते पक्कं झालं. पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, शहरात कितीतरी भागांत लाइट नव्हती, कॉलेज बंद, आणि मी हौसेनं फोनवरून गूगल मीटवर लाइव्ह क्लास सुरू केला तर अकरा मुलं आली आणि शेवटी चार उरली. ज्यांच्या घरात पाणी शिरलंय त्यांनी कॅमेऱ्यासमोर बसावं ही अपेक्षाच चुकीची होती, मला नंतर फार वाईट वाटलं. पण त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्या चॅप्टरचं सगळं साहित्य वर्गातच सगळ्यांच्या फोनवर उतरवून घेतलं होतं, तीन छोटे व्हिडिओ, नोट्सची पीडीएफ आणि गणितं. कॉलेज उघडलं तेव्हा पादऱ्याची एक मुलगी वही घेऊन आली, चौदा गणितं सोडवलेली, पॉवर बँकवर फोन चालवून. तेव्हापासून माझा नियम एकच, जे पाठवायचं ते उतरवून ठेवता आलं पाहिजे आणि दोन दिवस उशिरा पाहिलं तरी चाललं पाहिजे.

आमच्या बडोद्याला तर हे नवीन नाहीच. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयांच्या कामासाठी बोलावलं आणि त्यानंतर पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरायला लागल्या. पेटी गावात पोचायची, वाचणारा आपल्या सवडीनं वाचायचा. व्हिडिओ कापताना माझ्या डोळ्यासमोर ती पेटी असते, खरंच सांगते.

आता प्लॅटफॉर्म. गूगल क्लासरूम २०१४ पासून आहे, ते वापरायला मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही, काम देणं-घेणं सोपं, एकट्या शिक्षकानं सुरू करायला तेच बरं. मूडल म्हणजे कॉलेजनं स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं शिकवण्याचं सॉफ्टवेअर, ते २००२ पासून आहे, मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेलं, फुकट आणि मुक्त, आणि त्याची क्विझ फार ताकदीची, प्रत्येक मुलाला वेगळे आकडे देऊन तेच गणित विचारता येतं आणि चुकीच्या उत्तराला वेगळा खुलासा लिहून ठेवता येतो. शिवाय त्याच्या अ‍ॅपमध्ये बरंचसं साहित्य आधी उतरवून ठेवता येतं. पण सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस हवा, तो कॉलेजात नसेल तर मूडलच्या नादी लागू नका, सहा महिन्यांत बंद पडेल. विकतच्या पोर्टलचा आमचा अनुभव वाईट आहे, कंपनीचं नाव घेत नाही, पण त्यात व्हिडिओ उतरवता यायचा नाही, अ‍ॅप जड, आणि वर्ष संपल्यावर आमचे आम्हीच टाकलेले प्रश्न बाहेर काढता येईनात. तेव्हा विकत घेणारच असाल तर सही करायच्या आधी विचारा, आमचं साहित्य आम्हाला परत कुठल्या फाइलमध्ये मिळेल?

खरी मजा पुढे आहे, म्हणजे घरी काय आणि वर्गात काय हे वाटून घेण्यात. मी समजावण्याचा भाग सहा-सात मिनिटांच्या व्हिडिओत घालते, गुजरातीत, मागे फक्त माझा हात आणि कागद. मुलं वर्गात "मॅम, फरीथी समजावो ने" (पुन्हा समजवा ना) म्हणायला लाजतात, व्हिडिओ चार वेळा मागे घेतात, कुणाला कळत नाही. त्याखाली एकच प्रश्न असतो. उदाहरणार्थ ४, ७, ९, १२ या आकड्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) काढा, आणि पर्याय ०, २.५, ८.५, २.९२. सरासरी ८, फरक -४, -१, १, ४, त्यांच्या वर्गांची सरासरी ८.५ आणि तिचं वर्गमूळ २.९२, तेच बरोबर उत्तर. ज्यानं ० निवडलं त्यानं वर्ग न करताच बेरीज केली. २.५ वाल्यानं वजाची चिन्हं नुसती काढून टाकली, म्हणजे त्यानं मीन डेव्हिएशन काढलं. ८.५ वाला वर्गमूळ विसरला. सकाळी बसस्टॉपवर उभ्या उभ्या मी बघते की कोण कुठे अडकलंय आणि वर्गात गेल्यावर त्याच तीन टोळ्या करून बसवते, शून्यवाल्यांजवळ मी स्वतः बसते, ८.५ वाल्यांना दोन मिनिटं पुरतात. पूर्वी मी सत्तर जणांना तेच पुन्हा फळ्यावर करून दाखवायचे आणि अर्धा वर्ग कंटाळायचा. ज्याला व्हिडिओ बघता आला नाही त्याला ओरडायचं नाही, मागच्या बाकावर कॉलेजच्या फोनवर बघू द्यायचा आणि मग टोळीत घ्यायचा.

लॅबमध्ये वीसच कॉम्प्युटर असतील तर वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या करा, एक गट मशीनवर, एक वहीत गणितं सोडवतोय, एक तुमच्यापाशी. मात्र एकाच वेळी समोरचा वर्ग आणि स्क्रीनवरचा वर्ग सांभाळा असं कुणी सांगितलं तर हात जोडून नाही म्हणा. त्याला हायफ्लेक्स म्हणतात, मदतनीस असेल तर ठीक, एकट्या माणसाच्या हातून दोन्हीकडची मुलं सुटतात. मी महिनाभर करून पाहिलंय.

तुमचे प्रिन्सिपल स्वयमचं, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलचं, नाव काढतीलच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात, पण तुमच्या युनिव्हर्सिटीनं ते मान्य केलेत का ते आधी बघा. त्यातले एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींच्या उपक्रमाचे, कोर्स चांगले आहेत, असाइनमेंटला २५ आणि प्रत्यक्ष परीक्षेला ७५ असे मार्क असतात, मात्र पहिल्या वर्षाच्या मुलाला एकट्याला सोडलं तर तो तिसऱ्या आठवड्यात गळतो, आठवड्यातून एक तास सगळ्यांना एकत्र बसवून असाइनमेंट करून घ्या.

आणि हे "ऑनलाइन केलं की शिक्षकाचा वेळ वाचतो" असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं २०१० मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात मिश्र पद्धतीचे निकाल नुसत्या वर्गापेक्षा थोडे चांगले आले, पण त्यातच लिहिलंय की अशा वर्गांना बहुतेकदा जादा वेळ आणि जादा साहित्य मिळालेलं असतं. तो जादा वेळ कुठून तरी यायला हवा ना. माझ्या एका सात मिनिटांच्या व्हिडिओला अजूनही दोन तास जातात. म्हणून जूनच्या टाइमटेबलमध्ये आठवड्याचे दोन तास या कामाचे म्हणून आत्ताच लिहून घ्या, आणि पहिल्या सेमिस्टरला एकच युनिट करा, जे मुलांना दरवर्षी सगळ्यात जड जातं ते. तुमचा विषय कुठला ते लिहिलं नाहीये तुम्ही, कळवलंत तर पहिला प्रश्न आणि त्याचे चुकीचे पर्याय आपण मिळून बनवू.