‘लूज रॉक’ म्हणजे सैल खडक नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: सुळका चढाईच्या सूचनापत्रकात ‘लूज रॉक, डेंजर ऑफ रॉकफॉल’ अशी ओळ आहे. तिचं मराठी ‘सैल खडक, खडकपाताचा धोका’ असं केलं आहे. ते बरोबर आहे का? की ‘दरड कोसळण्याचा धोका’ म्हणावं?

माझ्या मते दोन्ही नकोत. ‘दगड सुटणे’ आणि ‘सुटा दगड’ हे शब्द डोंगरात रोज वापरात आहेत आणि ते नेमके आहेत.

आधी ‘सैल’ बघू. जे ताणता किंवा आवळता येतं ते सैल होतं: दोर, गाठ, पट्टा, सदरा. खडक कधी आवळलेला नव्हता, मग तो सैल कसा होणार? शिवाय चढाईत ‘सैल’ या शब्दाला ठरलेलं काम आहे. वरचा चढणारा ‘दोर सैल सोड’ म्हणतो तेव्हा खालचा बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणारा, दोर सोडतो. त्याच कड्यावर तोच शब्द दगडासाठी वापरला, तर वाऱ्यात अर्धवट ऐकू आलेल्या ‘सैल’चा अर्थ खालच्याने काय घ्यायचा? हा शब्द दोरासाठीच राखून ठेवावा.

मग ‘लूज’ला एकच शब्द कोणता? एक नाही, आणि ते सोयीचंच आहे. इंग्रजी एका शब्दात जे गुंडाळतं, त्याचे मराठीत चार-पाच वेगळे प्रकार होतात आणि प्रत्येकाशी वागायची रीत वेगळी असते.

सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. घट्ट थर आला की उभा कडा तयार होतो. दोन घट्ट थरांमध्ये बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा मऊ थर असतो, कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. विहिरी खणणारे या थरांना मांजऱ्या आणि गेरू म्हणतात. मऊ थर पावसाने आधी झिजतो आणि तिथे कड्यावर आडवी पट्टी तयार होते. वरून पडलेलं सगळं या पट्टीवर साठतं. त्यामुळे चढणाऱ्याच्या डोक्यात येणारा दगड बऱ्याचदा तो ज्या भिंतीवर आहे तिचा नसतोच, वरच्या पट्टीवरचा असतो. दोर त्या पट्टीवरून घासत गेला, एखादं माकड पळालं, तरी पुरतं.

पट्टीवर नुसता ठेवल्यासारखा पडलेला तो सुटा दगड. तो कशालाच जोडलेला नसतो. त्याला हात लावायचा नाही, दोर त्याच्यापासून लांब न्यायचा. जागेवर बसलेला, पण धरून हलवला की खुटखुट करतो तो हलता दगड. त्यावर वरून खाली दाब दिला तर कधी कधी चालतो, बाहेर ओढला तर हातात येतो. भेगांनी चारी बाजूंनी तुटलेला, पण अजून एकमेकांत अडकून उभा आहे तो खिळखिळा कातळ. खिळखिळी खुर्ची म्हणतो तसाच. इथे एक तुकडा काढला की शेजारचे दोन मोकळे होतात. बोटांत चुरा होतो तो ठिसूळ. तिथे पकड, म्हणजे हाताने धरलेला दगडाचा भाग, हलत नाही, सरळ तुटते, त्यामुळे हलवून बघण्याची परीक्षा फसते. आणि कड्यापासून सुटत आलेला पातळ थर म्हणजे पापुद्रा, जाड असेल तर ढलपी. ढलपीमागच्या फटीत पिटॉन, म्हणजे दोर अडकवायची धातूची मेख, ठोकणं ही मोठी चूक, कारण पिटॉन पाचरीचं काम करतो आणि ढलपी आणखी बाहेर ढकलतो. पहिल्या दोन-तीन घावांत चढता सूर न येता आवाज जड होत गेला, तर तिथेच थांबावं.

आवाजावरून आठवलं, या परीक्षेसाठी मराठीत फार छान जोडी आहे. तळहाताच्या टाचेने किंवा हातोडीने कातळ ठोकला की घट्ट दगड खणखणीत वाजतो, मागून सुटलेला बद्द वाजतो. मडकं घेताना, नारळ निवडताना हेच शब्द आपण वापरतो. ‘ही पकड बद्द आहे’ एवढं वरच्याने सांगितलं की मागच्याला सगळं कळतं.

‘घसारा’ हा शब्द वेगळाच. हा एका दगडाचा गुण नाही, उताराचा आहे: बारीक दगड, मुरूम आणि माती यांचा साधारण 30 ते 40 अंशांचा उतार, ज्यावर पाय ठरत नाही. हा शब्द हिशेबाच्या वहीतही आहे. यंत्राची किंमत दरवर्षी घटते तोही घसाराच. ट्रेकिंगमध्ये काही जण ‘स्क्री’ म्हणतात, पण घसारा असताना त्याची गरज नाही. लिंगाणा किल्ल्याकडे जाणाऱ्या बोराट्याच्या नाळेसारख्या (नाळ म्हणजे कड्यांमधली अरुंद, उतरती घळ) ठिकाणी मात्र ‘घसारा’ पुरत नाही, तिथे वाटेत दगडधोंडे आहेत. नाळेत एकामागोमाग एक सरळ रेषेत, लांब अंतर ठेवून उतरणं सगळ्यात वाईट. वरच्याचा दगड खालच्यापर्यंत पोहोचेतो वेग घेतो. एकतर अगदी जवळजवळ उतरावं, नाहीतर एकेकाने पुढच्या आडोशापर्यंत जावं आणि तोवर बाकीच्यांनी बाजूला थांबावं.

आता ‘रॉकफॉल’. ‘खडकपात’ हा शब्द हिमपात, उल्कापात यांच्या चालीवर नीट बनला आहे, व्याकरणात खोट नाही. अडचण ही की तो नाम आहे आणि डोंगरात आपल्याला क्रियापद लागतं, कारण क्रियापदात कारण दडलेलं असतं. दगड सुटला म्हणजे आपल्या जागेवरून मोकळा झाला. पकड निखळली म्हणजे दात निखळतो तशी खोबणीतून बाहेर आली. पकड तुटली म्हणजे दगडच ठिसूळ होता. बुरूज किंवा कडा ढासळतो तो हळूहळू, भागाभागाने. आणि ‘दगड पाडला’ म्हणजे माणसाने किंवा त्याच्या दोराने. अपघाताच्या टिपणात नुसतं ‘दगड पडला’ लिहिलं की शेवटची गोष्ट लपते. दोराने पाडला असेल तर उपाय दोराच्या मार्गात आहे, निखळला असेल तर पकड तपासण्यात, आणि आपोआप सुटला असेल तर खालची माणसं कुठे उभी होती यात. म्हणून टिपणात ‘पडला’ लिहू नये, असा माझा आग्रह आहे.

‘दरड’ का नको? दरड म्हणजे मुळात तुटलेला उभा काठ, नदीचा किंवा डोंगराचा. म्हणून ती ‘कोसळते’, आणि कोसळते तेव्हा माती, झाडं, दगड सगळं घेऊन येते. माळीणला 2014 मध्ये आणि इर्शाळगडाच्या कुशीतल्या वाडीवर 2023 च्या जुलैत जे झालं ती दरड. त्याच इर्शाळगडाच्या सुळक्यावर चढताना मुठीएवढा दगड हेल्मेटवर आला, तर ती दरड नव्हे. शब्द मोठा वापरला की वाचणारा पावसाळ्यातला घाट डोळ्यांसमोर आणतो आणि कोरड्या जानेवारीत निर्धास्त होतो.

ओरडायच्या शब्दाचंही इथेच सांगतो. 20 मीटरवरून सुटलेला दगड दोन सेकंदांत खाली येतो आणि तेव्हा त्याचा वेग ताशी 70 किलोमीटरच्या आसपास असतो. दोन सेकंदांत ‘सांभाळा, वरून दगड येतोय’ पूर्ण होत नाही. म्हणून एकच शब्द: ‘दगड!’ किंवा ‘रॉक!’. कोणता ते चढाईआधी ठरवावं. ‘सावध’ नको, तो ऐकल्यावर माणूस कशापासून सावध ते बघायला मान वर करतो. खडा असो की धोंडा, ओरडायचं ‘दगड’च. आकार ठरवत बसू नये. मधल्या प्रत्येकाने तोच शब्द खाली पोहोचवायचा, आणि बिले देणाऱ्याने कातळाला चिकटताना दोर धरलेला हात सोडायचा नाही.

हेल्मेटवर भिस्त किती ठेवायची याचाही अंदाज असावा. गिर्यारोहणाच्या हेल्मेटच्या युरोपीय चाचणीत 5 किलोचं वजन 2 मीटरवरून टाकतात. तेवढीच ऊर्जा 20 मीटरवरून आलेल्या अर्ध्या किलोच्या दगडात असते. अर्धा किलो म्हणजे मुठीएवढाच दगड.

तर पत्रकात ही ओळ अशी लिहावी असं सुचवतो:

‘वरून दगड सुटतात. कड्याच्या पायथ्यापासूनच हेल्मेट घाला. पकड ठोकून बघा. बद्द वाजली तर ओढू नका. दगड सुटला की “दगड!” ओरडा. ओरडा ऐकला की वर बघू नका, कातळाला चिकटा.’

चढाईच्या मार्गात पट्टीवर घसारा असेल, तर ती पट्टी तळापासून किती मीटरवर आहे ते लिहून वेगळी ओळ घाला. बिले देणाऱ्याने कुठे उभं राहायचं हे त्यावरच ठरतं.