घरात दुःख, आणि ही कसली गाणी?

"मॅडम, बाप जाऊन तीन महिने नाही झाले आणि हा दार लावून असली किंचाळणारी गाणी ऐकतो. डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला?" नाशिकमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मला सिडकोतल्या आयांनी विचारलाय आणि गंगापूर रोडच्या वडिलांनीही. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. नाव आणि तपशील बदलले आहेत.

सुजय वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला. वडील अचानक गेले. रामकुंडावर दशक्रिया झाली तेव्हा जो तो पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आता तूच कर्ता. आईसमोर रडायचं नाही." तो रडला नाही.

माझ्याकडे आला तेव्हा सुरुवातीला तो फक्त त्याच्या आवडत्या बँडबद्दल बोलायचा. मी बोलू दिलं. मेटालिका या हेवी मेटल बँडचा बास गिटारवादक क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनला बस अपघातात गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. १९८८ च्या अल्बममध्ये बँडनं त्याच्यासाठी जवळपास दहा मिनिटांची रचना ठेवली, बहुतेक सगळी वाद्यांचीच. हे सांगताना सुजयचा आवाज बदलला. आईला वाटत होतं, पोरगा मरणापासून पळतोय. मला दिसत होतं की तो मरणाशिवाय दुसरं काही बोलतच नाहीये.

मग दोघांना एकत्र बसवलं. आईंना विचारलं, "तुम्ही कधी रडता?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मिक्सर लावला की. नाहीतर कुकरच्या शिट्टीत. याला ऐकू जाऊ नये म्हणून."

सुजय त्यांच्याकडे बघतच राहिला. "आई, मी पण आवाज त्यासाठीच वाढवतो."

इतक्या वर्षांत मी खूप सल्ले दिले असतील, पण हा प्रश्न सुचला याचं मला आजही बरं वाटतं. त्या दिवशी दोघं पहिल्यांदा एकमेकांसमोर रडले. पाहुण्यांनी भरलेल्या दोन खोल्यांच्या घरात रडायला आडोसा लागतो, आणि तो दोघांनीही आवाजाचाच केला होता.

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा संगीताच्या ३९ चाहत्यांना आधी राग येईल अशा आठवणी सांगायला लावल्या, मग त्यातल्या साधारण निम्म्यांना त्यांच्याच आवडीची गाणी ऐकू दिली, बाकीच्यांना शांत बसवलं. गाणी ऐकणाऱ्यांचा राग भडकला नाही, उलट उमेद वाढली. अर्थात तो अभ्यास रागाचा होता, शोकाचा नव्हे. पण शोकात राग किती असतो, हे ज्याचं माणूस गेलंय त्याला विचारा.

तेव्हा पालकांनो, गाणं कुठलं हे बघू नका. ते संपल्यावर मूल जेवायला येतं का, झोपतं का, मित्रांना भेटतं का, ते बघा. एकदा शेजारी बसून "यातलं तुला काय आवडतं?" असं विचारा. चेष्टा नको. मात्र ऐकून झाल्यावर दरवेळी ते आणखी खचत असेल, नशा सुरू झाली असेल किंवा "जगून काय करू" असं बोलत असेल, तर थांबू नका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांना गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

आणि हो, हेडफोनचा आवाज कमी करायला जरूर सांगा. पण कानांसाठी म्हणून सांगा, शेजारचे काय म्हणतील म्हणून नको.