अमेरिकेत सरकार कैद्यांसाठी धर्मप्रसाराचा कार्यक्रम सरकारी पैशाने चालवू शकतं का?

नाही. धर्मशिक्षण हाच गाभा असलेल्या कार्यक्रमाला सरकार थेट पैसा देऊ शकत नाही. आयोवातल्या न्यूटन तुरुंगाच्या खटल्यात आठव्या सर्किटच्या, म्हणजे आयोवासह काही राज्यांसाठी असलेल्या केंद्रीय अपील न्यायालयाने २००७ साली हेच सांगितलं. तिथे सरकारी मदतीवर चालणाऱ्या एका इव्हँजेलिकल ख्रिस्ती कार्यक्रमात गेलेल्यांना जास्त खाजगीपणा असलेल्या खोल्या मिळत आणि इतर धर्मीयांसाठी तसा पर्यायच नव्हता. नाव ऐच्छिक, पण बंद कोठडीतल्या माणसासमोर अशी सोय ठेवली की ती निवड खरोखर मोकळी राहत नाही, असं मला ठामपणे वाटतं. मात्र याचा अर्थ तुरुंगातून धर्म हद्दपार करायचा असा नव्हे. सरकारी पगारावरचे धर्मगुरू तिथे चालतात, कारण कैदी स्वतः बाहेर देवळात किंवा मशिदीत जाऊ शकत नाही. शिवाय २००० सालच्या केंद्रीय कायद्यानुसार, सबळ कारण असल्याशिवाय तुरुंगाला कैद्याच्या धर्माचरणात मोठा अडथळा आणता येत नाही. त्याच आधारावर आर्कान्सातल्या एका मुस्लिम कैद्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एकमताने अर्धा इंच दाढी ठेवू दिली.