दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेने खरंच काही होतं का?

तुम्ही विचारलंय की देवाला सगळं ठाऊकच असतं, मग आजाऱ्यासाठी इतरांनी प्रार्थना करून काय फरक पडतो?

पडतो. ज्याच्यासाठी प्रार्थना झाली त्या बाजूला मी होतो, म्हणून सांगतो.

माझे वडील अकरा दिवस आयसीयूत होते. चौथ्या दिवसानंतर माझ्या तोंडून 'प्रभू' एवढंही निघेना. रोज संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोन मावश्या यायच्या, थर्मासमधला चहा माझ्या हातात द्यायच्या आणि जिन्याच्या पायरीवर बसून आधी वडिलांचं, मग माझं नाव घेऊन प्रार्थना करायच्या. एकीच्या वहीत नावांची रांग होती. वडिलांच्या नावापुढे तारीख आणि फक्त 'श्वास'.

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायाची गोष्ट मला त्या जिन्यावर कळली. चौघे जण छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला येशूपुढे सोडतात. बाजेवरचा माणूस सबंध गोष्टीत एक शब्द बोलत नाही. मीही तसाच होतो.

वडील गेले. प्रार्थना फुकट गेली का, हे मला कित्येक महिने सलत होतं. मग बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातली अब्राहामाची गोष्ट पुन्हा वाचली. देव ज्याचा नाश करणार होता त्या सदोम नगरासाठी तो त्याच्याशी पन्नासापासून दहा नीतिमानांपर्यंत घासाघीस करतो. तरी नगर जळतं. पण उत्पत्ती १९:२९ म्हणतं, देवाने अब्राहामाची आठवण केली आणि त्याच्या पुतण्याला, लोटाला, बाहेर काढलं. त्या घासाघिशीत अब्राहामाने लोटाचं नावही घेतलं नव्हतं! मावश्यांनी वडिलांसाठी श्वास मागितला. मी विश्वासातून ढळलो नाही, तो मला त्याच प्रार्थनेचा परिणाम वाटतो.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे निराधार स्त्रिया-मुलींसाठी काढलेल्या आपल्या संस्थेत, १९०५ च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसायला कोण तयार आहे असं विचारलं, तेव्हा ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ५५० जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. तिथल्या कितीतरी मुली दुष्काळातून वाचवून आणलेल्या, आणि त्या मागत होत्या देशोदेशीच्या ख्रिस्ती लोकांसाठी पवित्र आत्मा. जूनअखेर तिथे मोठी आत्मिक जागृती झाली.

देवाला माहीत आहेच. तरी एकमेकांसाठी मागायचं काम त्याने आपल्यावर सोपवलंय. फक्त 'प्रार्थना करतो हं' म्हणून निघून जाऊ नका, तिथेच दोन वाक्यं म्हणा.

आता माझ्याकडेही वही आहे. तुमच्या मनात कुणी आजारी असेल तर नुसतं पहिलं नाव कळवा, आज रात्रीच लिहितो.