जुनी विमानं म्हातारपणानं पडत नाहीत

भावा, तुझा प्रश्न दोन पदरी आहे. आपल्या कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची १९३० च्या दशकातली मेबॅक मोटार अजून दसरा चौकात डौलात येते, मग दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडवली की पडतात का, आणि ती उडवावीतच का, हा एक. दुसरा म्हणजे तू शिकायला इंग्लंडला चाललायस, तिथं पैसे भरून स्पिटफायर या महायुद्धातल्या लढाऊ विमानात बसवतात, तर बसू का. उद्यमनगरात लेथ आणि कास्टिंगच्या नादात माझी हयात गेली, अपघातांचे अहवाल वाचायचं खूळ त्यातूनच लागलं. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

मेबॅक मिरवणुकीत बंद पडली तर चार पोरं ढकलत नेतील. विमानाला ती सोय नाही, हे उघड आहे. पण "जुनं झालं म्हणून पडलं" हे जे सगळे म्हणतात, ते अहवालांत फार कमी वेळा सापडतं. सापडतं तेव्हा मात्र भयंकर असतं. २००५ च्या डिसेंबरात अमेरिकेत मायामीजवळ ग्रुमन मॅलार्ड या पाण्यावरही उतरणाऱ्या विमानाचा उजवा पंख हवेतच तुटला, २० माणसं गेली. विमान १९४७ चं, रोज प्रवासी नेणारं. पंखात धातू थकून तडा गेला होता, त्यातून इंधन झिरपायचं. लोकांनी वरच्या पत्र्याला ठिगळ लावलं आणि आतला तडा तसाच वाढत राहिला. म्हणजे वयानं तडा दिला हे खरं, पण गळतीचं मूळ कोणी शोधलं असतं तर तो वेळेत सापडला असता.

आता 'नाइन-ओ-नाइन'चं बघ. हे दुसऱ्या महायुद्धातलं बी-१७ बॉम्बर, चार इंजिनांचं. (मूळ 'नाइन-ओ-नाइन' युद्धानंतर भंगारात गेलं, हे दुसरं विमान, त्याच्या रंगात रंगवलेलं.) २ ऑक्टोबर २०१९ ला अमेरिकेत ब्रॅडली विमानतळावरून १३ जणांना घेऊन उडालं. चौथं इंजिन कुरकुरायला लागलं म्हणून परत फिरलं, आणि ७ जण गेले. तपासात काय निघालं? प्रत्येक इंजिनाला ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो असतात, एक गेला तर दुसऱ्यानं सांभाळायचं. डाव्या मॅग्नेटोची वायर जागेवर राहावी म्हणून एकपदरी तार गुंडाळलेली. वायर सुटली, आतली पट्टी बॉडीला टेकली, वीज बॉडीत उतरली (अर्थिंग झालं), मॅग्नेटो मेला. उजव्याचा पॉइंट गॅप, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या टोकांमधली फट, पाहिजे त्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे नऊपैकी चार सिलिंडरना ठिणगी धड मिळत नव्हती. फट मोजायच्या पट्ट्या, म्हणजे फिलर गेज, घेऊन बसलं असतं तर हे टेबलावरच कळलं असतं. त्यात आणखी चाकं लवकर खाली काढली, वेग घसरला, विमान धावपट्टीच्या अलीकडेच टेकलं. चालवणारा वैमानिकच त्या संस्थेचा देखभाल प्रमुख होता. माझ्या मते सगळ्यात वाईट गोष्ट हीच. आपणच माल बनवायचा आणि आपणच पास करायचा, असं शिरोलीतल्या फाउंड्रीतसुद्धा चालत नाही.

आणि 'की बर्ड'! ही गोष्ट वाचली की मला अजून चीड येते. बी-२९ जातीचं अमेरिकी बॉम्बर विमान, १९४७ च्या फेब्रुवारीत वाट चुकून ग्रीनलंडच्या गोठलेल्या तळ्यावर पोट टेकवून उतरलं. सगळे ११ जण वाचले, विमान तिथंच राहिलं. थंडी कोरडी, त्यामुळे जवळपास जसंच्या तसं. १९९४ मध्ये डॅरिल ग्रीनमायर हा शर्यतींतला नावाजलेला वैमानिक मंडळी घेऊन गेला. नवीन इंजिनं, इंजिनांचे पंखे (प्रोपेलर), टायर सगळं विमानानं नेऊन बर्फात उघड्यावर बसवलं. त्यांचा मुख्य मेकॅनिक तिथं आजारी पडला आणि थोड्याच दिवसांत वारला. तरी पुढच्या मे महिन्यात परत गेले, चारही इंजिनं सुरू केली, विमान तळ्यावरून धावायला लागलं. शेपटाकडच्या भागात छोटं जनरेटर-इंजिन होतं, त्याला जुगाड करून टाकी लावलेली. धक्क्यानं तिच्यातून पेट्रोल गळलं आणि आग लागली. माणसं बाहेर पडली, विमान जळालं. ४८ वर्षं बर्फात काही झालं नाही, आणि एका टाकीच्या बांधणीनं घात केला.

बाकीचे थोडक्यात. २०२२ मध्ये डॅलसच्या एअर शोमध्ये बी-१७ आणि किंगकोब्रा हे लढाऊ विमान हवेत धडकले, ६ जण गेले. दोन्ही विमानं धडधाकट होती, पण कोण किती उंचीवर उडणार हे आधी पक्कं ठरलेलंच नव्हतं. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये १९३९ चं युंकर्स ५२ हे प्रवासी विमान डोंगरात पडलं, २० जण गेले. वैमानिकांनी ते अरुंद दरीत नको तितकं खाली नेलं होतं. त्या संस्थेच्या देखभालीतही पुष्कळ दोष निघाले, पण विमान पडलं ते त्यामुळे नव्हे.

आता उडवावीत का? माझं मत सरळ आहे. ज्याचं एकच नग उरलंय ते उडवू नये, मालक कितीही हौशी असो. ज्याचे भाग परत बनवता येतात ते जरूर उडवावं. मॉस्किटो हे महायुद्धातलं ब्रिटिश विमान बघ. १९९६ मध्ये इंग्लंडात बार्टनला उडतं शेवटचं मॉस्किटो पडलं, कार्ब्युरेटरच्या दोषानं एक इंजिन दगावलं, दोघेही गेले. त्यानंतर १६ वर्षं जगात एकही मॉस्किटो उडत नव्हतं. ते विमान लाकडी, म्हणून न्यूझीलंडमध्ये लोकांनी आधी साचे बनवले, त्यावर नवं लाकडी शरीर घडवलं आणि २०१२ मध्ये ते उडवलं. साचा हातात असला की पुढचा माल निघतो, हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ब्लेनहाइम या ब्रिटिश बॉम्बरवाल्यांची चिकाटी तर विचारू नको. १२ वर्षं खपून उभं केलेलं विमान १९८७ मध्ये महिन्याभरातच पडलं. दुसरं केलं, तेही २००३ मध्ये उतरताना मोडलं. परत दुरुस्त करून २०१४ मध्ये उडवलं, आणि त्याला बसवलेलं नाक पूर्वी कुणीतरी कापून त्याची विजेवर चालणारी मोटारगाडी केलेली होती.

तुझ्या फेरीचं म्हणशील तर, तिथं बसण्याआधी एक कागद सही करायला देतात: हे विमान रोजच्या प्रवासी विमानांच्या सुरक्षेच्या दर्जाचं नाही, हे मला मान्य आहे, असं लिहिलेलं असतं. तो नुसता सोपस्कार समजू नको, शब्दन्‌शब्द वाच. मग एकच विचार: देखभालीवर सही कोण करतं, आणि आज चालवणार कोण? दोन्हीला एकच नाव आलं तर पैसे परत घे. दोन वेगळी नावं आली, तर मी तुझ्या जागी असतो तर बसलो असतो.

आपल्याकडे मात्र उडवायचं की ठेवायचं हा वाद घालायलाही विमानं फारशी उरली नाहीत. ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला पहिली फेरी नेणारी एअर इंडियाची 'मलबार प्रिन्सेस' (कॉन्स्टेलेशन जातीचं विमान) ३ नोव्हेंबर १९५० ला आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळली, ४८ जण गेले. तिच्या कुळातली एक सुपर कॉन्स्टेलेशन, जी एअर इंडियातून हवाई दलात आणि तिथून नौदलात गेली, ती गोव्यात दाबोळीजवळ नौदलाच्या विमान संग्रहालयात उभी आहे. इंग्लंडला जायच्या आधी आंबोलीमार्गे एक चक्कर टाक. सोमवारी बंद असतं, तेवढं बघून नीघ.